स्पीड शंभरची, तरी कॉल का अडकतो?

संध्याकाळी आठच्या सुमाराला बेळगावच्या टिळकवाडीतल्या किंवा निपाणीतल्या कुठल्याही घरात साधारण हेच चित्र असतं. मुलगी पुण्याच्या कंपनीच्या मीटिंगमध्ये बसलेली, टीव्हीवर क्रिकेट, धाकट्याचा गेम रंगात आलेला. कोपऱ्यात चार्जिंगला लावलेला एक फोन असतो, त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. तो मात्र कालच्या लग्नाचे व्हिडिओ निवांत क्लाउडवर चढवत असतो. मीटिंगमधला चेहरा गोठतो, आवाज तुटतो. केबलवाल्याला फोन लावला की उत्तर ठरलेलं: "स्पीड टेस्ट मारून बघा की सर, शंभर येतंय." मारून बघितलं तर खरंच शंभर येतं.

केबलवाला खोटं बोलत नाही. सेकंदाला किती माल पोचला, एवढंच स्पीड टेस्टच्या काट्यावर दिसतं. त्या मालाला वाटेत रांगेत किती वेळ ताटकळावं लागलं, ते बारीक अक्षरात कुठेतरी कोपऱ्यात असतं, आणि मीटिंग बिघडते ती या ताटकळण्यामुळे. म्हणून बँडविड्थचं न्याय्य वाटप समजून घ्यायचं तर आधी रांगेकडे बघावं लागतं. रांग कुठे लागते, ती कोण चालवतं आणि कुठल्या नियमाने चालवतं?

इंटरनेटवरून जाणारी प्रत्येक गोष्ट, मग ती फोटो असो की आवाज, साधारण दीड हजार बाइटपर्यंतच्या तुकड्यांत कापून पाठवली जाते. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. राउटरमध्ये एका बाजूने पॅकेटं भराभर येतात आणि दुसऱ्या बाजूची लाईन त्यामानाने सावकाश असते. मग उरलेली पॅकेटं राउटरच्या मेमरीत थांबतात. ही थांबण्याची जागा म्हणजे बफर. कुणाला किती वाटा द्यायचा, हे ठरवणारं ऑफिस इंटरनेटवर कुठेही नाही. जिथे लाईन अरुंद होते तिथे रांग लागते, आणि त्या रांगेच्या नियमातूनच वाटे पडतात.

आपल्या भागात ही गोष्ट समजवायला साखर कारखान्यासारखं उदाहरण नाही. संकेश्वरचा हिरण्यकेशी घ्या, निपाणीचा हालसिद्धनाथ घ्या. गव्हाणीची, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्याची, गाळपाची ताकद ठरलेली असते. ऊस त्यापेक्षा जास्त आला की गाड्या यार्डात उभ्या राहतात. यार्ड म्हणजे बफर, गव्हाण म्हणजे बाहेर जाणारी लाईन. (निपाणी-चिकोडीचा ऊस सीमेपलीकडे कागलकडे जातो, कधी तिकडचा इकडे येतो. सीमाप्रश्न उसाला कधी पडलेला नाही, पॅकेटांनाही पडत नाही.) यार्ड कितीही मोठं केलं तरी गाळप वाढत नाही, फक्त गाड्यांचा मुक्काम वाढतो. तोडलेला ऊस उन्हात वाळत राहतो आणि वजनात घट येते. इथे सगळी मेख आहे.

आता हिशोब मांडू. समजा घरातून वर जाणारी, म्हणजे अपलोडची लाईन १० एमबीपीएसची (सेकंदाला एक कोटी बिट्सची) आहे आणि मॉडेममधला बफर १ मेगाबाइटचा, म्हणजे ८० लाख बिट्सचा. लग्नाच्या व्हिडिओंनी तो भरून टाकला, तर शेवटी येणाऱ्या पॅकेटला ०.८ सेकंद थांबावं लागतं. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. बेळगाव-मुंबई हे अंतर पाचशे किलोमीटर धरलं तर तेवढ्याला लागतात अडीच मिलिसेकंद. म्हणजे मुंबई गाठायला अडीच, आणि आपल्याच हॉलमधल्या डबीतून बाहेर पडायला आठशे! बोलताना एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जुनी शिफारस आहे. मुलीच्या आवाजाचं छोटंसं पॅकेट व्हिडिओंच्या शेकडो पॅकेटांमागे उभं असतं आणि ही मर्यादा केव्हाच ओलांडून बसतं.

मेमरी स्वस्त झाली तसे उपकरणं बनवणाऱ्यांनी बफर वाढवत नेले. एकही पॅकेट वाया जाऊ नये हा हेतू चांगलाच होता. २०१०च्या सुमाराला जिम गेटिस या अभियंत्याला स्वतःच्या घरातल्या लाईनवर हा प्रकार दिसला. त्याने त्याचा छडा लावला आणि त्याला 'बफरब्लोट' असं नाव दिलं. फुगलेलं यार्ड, दुसरं काही नाही.

पण व्हिडिओ चढवणारा फोन इतकी पॅकेटं ओततोच का? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातली लाईन कोलमडली. दोन्ही ठिकाणांतलं अंतर पावणेचारशे मीटरसुद्धा नव्हतं. लाईनची ताकद सेकंदाला ३२ हजार बिट्स, आणि प्रत्यक्षात मिळत होते ४०. इथे 'हजार' लिहायचं राहिलेलं नाही, नुसते चाळीस बिट्स. पॅकेट हरवलं की प्रत्येक संगणक ते पुन्हा पाठवत होता, त्यामुळे कोंडी वाढत होती, कोंडीमुळे आणखी पॅकेटं हरवत होती. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरेल्स यांनी यावर काढलेला तोडगा १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचं तत्त्व आजही फोनाफोनात चालू आहे: हळूहळू वाढवत जा, पॅकेट हरवलं की लाईन भरली असं समज आणि वेग एकदम निम्म्यावर आण. कारखान्याच्या भाषेत बोलायचं तर यार्ड तुंबलं की तोडणीच्या चिठ्ठ्या कमी करायच्या, म्हणजे ऊस फडातच उभा राहतो. फरक एवढाच की इथे चिठ्ठी देणारा शेती अधिकारी नाही. प्रत्येक शेतकरी स्वतःहून कोयता थांबवतो.

या साध्या नियमात एक छुपा न्याय आहे. १०० एमबीपीएसच्या लाईनवर एक कनेक्शन (म्हणजे एका ॲपचा एका सर्व्हरशी चाललेला संवाद) ८० घेऊन बसलंय आणि नुकत्याच आलेल्या दुसऱ्याकडे २० आहेत. लाईन भरली, दोघांची पॅकेटं पडली, दोघं निम्म्यावर आले: ४० आणि १०. मग दोघं सारख्याच गतीने वाढत गेले, प्रत्येकी २५ नी: ६५ आणि ३५. पुन्हा लाईन भरली, पुन्हा निम्मं, पुन्हा वाढ: ५७.५ आणि ४२.५. पुढच्या फेरीला ५३.७५ आणि ४६.२५. दोघांतलं अंतर बघा: ६०, ३०, १५, ७.५. कुणी मध्यस्थ नाही, कुणी कुणाला ओळखत नाही, तरी दर फेरीला दोघं बरोबरीच्या जवळ येतात. वाढताना बेरीज आणि घटताना भागाकार, याच जोडीने हे साधतं, हे डाह-मिंग चिऊ आणि राज जैन यांनी १९८९ मध्ये दाखवून दिलं. इंटरनेटच्या इतिहासात मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट ही आहे. आजच्या लिनक्स या संगणकप्रणालीतला 'क्युबिक' नावाचा प्रकार निम्म्याऐवजी ७० टक्क्यांवर येतो आणि वाढतो वेगळ्या वळणाने, पण वळण तेच घराण्याचं.

मात्र हा सगळा सज्जनांचा करार आहे. पाळायची सक्ती कुणावरच नाही. शिवाय त्यात पळवाटा भरपूर. ज्याचा सर्व्हर जवळ आहे त्याला उत्तर लवकर मिळतं, म्हणून तो लवकर वाढतो आणि लांबच्याच्या वाट्यातून खातो. वाटा मिळतो तो कनेक्शनला, माणसाला नाही. एकाने एकच कनेक्शन उघडलं आणि शेजाऱ्याच्या टोरेंटने (एकच फाइल एकाच वेळी अनेकांकडून उतरवणाऱ्या प्रोग्रामने) चाळीस उघडली, तर लाईनचे एक्केचाळीस वाटे पडतात आणि त्यातले चाळीस शेजाऱ्याच्या घरी जातात. बायको, मुलगा, भाऊ, मेहुणा अशा दहा नावांवर ऊस नोंदवून दहा नंबर लावणारे बागायतदार आपण पाहिलेले आहेत. तीच तऱ्हा.

या करारावर विसंबून राहू नये, हे अभियंते जॉन नेगल यांनी डिसेंबर १९८५ मध्येच लिहून ठेवलं होतं. म्हणजे बर्कलीची लाईन कोलमडण्याच्याही आधी. त्यांचा मुद्दा राउटरपेक्षा माणसांच्या स्वभावाबद्दल जास्त आहे. सगळ्यांची एकच रांग असेल आणि पहिला येईल तो पहिला असा नियम असेल, तर प्रत्येकाला जमेल तितकं ओतत राहणंच फायद्याचं ठरतं. जो ओततो त्याला वाटा मिळतो, जो सबुरी धरतो तो मागे राहतो. त्याऐवजी प्रत्येक पाठवणाऱ्याची वेगळी रांग करा आणि प्रत्येक रांगेतून पाळीपाळीने एकेक पॅकेट सोडा. आता जो जास्त ओततो त्याची स्वतःचीच रांग लांबते. दुसऱ्याचं काही बिघडत नाही. उपदेश करावा लागत नाही, सबुरी आपोआप पदरात पडते. याला फेअर क्यूइंग म्हणतात.

कारखान्याच्या यार्डात बैलगाड्यांची रांग वेगळी आणि ट्रक-ट्रॅक्टरची वेगळी असते, ती याच कारणासाठी. पण तिथे लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. एक बैलगाडी आणि एक ट्रॅक्टर अशी आळीपाळी ठेवली, तर बैलगाडीत दोन-अडीच टन आणि दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमध्ये वीसेक टन. पाळी समान, माल असमान. नेगल यांच्या सूचनेत हाच दोष होता: मोठी पॅकेटं पाठवणारा जास्त नेई. ॲलन डेमर्स, श्रीनिवासन केशव आणि स्कॉट शेंकर यांनी १९८९ मध्ये तो काढला. पॅकेटं न मोजता बिट्स मोजल्यासारखा हिशोब त्यांनी बसवला. गणित पक्कं होतं, पण वेगवान राउटरला झेपेना. १९९५ मध्ये एम. श्रीधर आणि जॉर्ज वर्गीस यांनी त्याला खातेवहीचं रूप दिलं. दर पाळीला प्रत्येक रांगेच्या खात्यात ठरावीक बाइट जमा होतात. पुढचं पॅकेट तेवढ्यात बसत असेल तर सोडायचं, नाहीतर शिल्लक पुढच्या पाळीला ओढायची. वीस टनी ट्रॅक्टरला शिल्लक साठेपर्यंत थांबावं लागतं, तोवर आठ-दहा बैलगाड्या निघून जातात. या क्षेत्रात आपल्या देशातून गेलेली नावं बरीच सापडतात, त्याचा अभिमान मला लपवता येत नाही.

न्याय्य वाटा म्हणजे समान वाटा, असं मात्र नाही. १०० एमबीपीएसच्या घरात चार गिऱ्हाईकं आहेत. गेमला १ पुरतं, मीटिंगला ४, टीव्हीला २५, आणि डाउनलोडला कितीही दिलं तरी कमीच. समान वाटे म्हणजे प्रत्येकी २५. गेम आणि मीटिंगने मिळून ५ घेतले, उरले ९५. दोघांत वाटले तर साडेसत्तेचाळीस. टीव्हीला २५ च हवेत, म्हणून बाकीचे ७० डाउनलोडला. ज्याची गरज लहान त्याची पूर्ण भागवायची, आणि ज्यांची भूक मोठी त्यांनी उरलेलं सारखं वाटून घ्यायचं. तज्ज्ञ याला 'मॅक्स-मिन' न्याय म्हणतात. डाउनलोडला सत्तर मिळाले म्हणून मीटिंगचं एक रुपयाचंही नुकसान झालं नाही, हे त्यातलं मर्म. बैलगाड्यांची रांग रिकामी असेल तर ट्रॅक्टर पुढे घ्यावेत. गव्हाण रिकामी ठेवून कुणाचंच भलं होत नाही.

मग वाटा द्यायचा कुणाला? कनेक्शनला, फोनला, की घराला? नेटवर्क-संशोधक बॉब ब्रिस्को यांनी २००७ मध्ये या प्रश्नावरून अभियंत्यांना चांगलंच झापलं. कनेक्शनांमधली बरोबरी ही न्यायाची व्याख्याच होऊ शकत नाही, असं त्यांचं म्हणणं, कारण कनेक्शनं हवी तेवढी उघडता येतात. आणि क्षणाक्षणाचा वेग मोजताना, महिनाभर लाईन दाबून बसलेला आणि दिवसातून पाच मिनिटं वापरणारा एकाच मापात तोलले जातात. मला त्यांचं पहिलं म्हणणं पूर्ण पटतं, दुसरं अर्धं. कंपन्यांची 'फेअर यूसेज पॉलिसी' महिन्याचा एकूण वापरच मोजते आणि मर्यादा ओलांडली की वेग तोडते. पण पहाटे तीनला लाईन ओस पडलेली असताना कुणी शंभर जीबी उतरवले, तर त्यात कुणाच्या तोंडचा घास गेला? त्रास होतो तो कोंडीच्या वेळी. कोंडी नसताना घेतलेल्याला दंड करणं हा न्याय नाही, ती विक्रीची सोय आहे.

त्याच २००७ मध्ये अमेरिकेतल्या कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीने टोरेंटची कनेक्शनं मध्येच तोडल्याचं उघड झालं आणि २००८ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने कंपनीला फटकारलं. त्यानंतर कंपनीने ॲप न बघता, कोंडीच्या वेळी कोण जास्त ओततोय एवढंच बघणारी पद्धत आणली. आपल्याकडे ट्राय या दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यावर बंदी घातली आणि जुलै २०१८ मध्ये केंद्राने नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं मान्य केली. रांगेची वाजवी व्यवस्था कंपनीने ठेवावी, पण ट्रॉलीत कुणाचा ऊस आहे हे बघून नंबर मागेपुढे करू नये, असा त्याचा मथितार्थ.

वेगळ्या रांगा केल्या तरी एकेक रांग स्वतःच फुगू शकते. त्यावर कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन (हो, तेच) यांनी २०१२ मध्ये 'कोडेल' आणलं. ते रांगेची लांबी मोजत नाही, थांबा मोजतं. क्षणभर गर्दी झाली तर चालेल, पण सलग १०० मिलिसेकंदांत एकदाही थांबा ५ मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तर एक पॅकेट मुद्दाम टाकून द्यायचं. पाठवणारा ते समजतो आणि वेग कमी करतो. पॅकेट फेकणं हा इथे निरोप आहे. न फेकता पॅकेटवर नुसती खूण करून तोच निरोप देण्याची सोय २००१ पासून आहे, पण ती दोन्ही टोकांना समजावी लागते.

कोडेल आणि वेगळ्या रांगा एकत्र केल्या की 'एफक्यू-कोडेल' होतं. लिनक्समध्ये ते २०१२ पासून आहे. त्यात १०२४ रांगा असतात, आणि ज्याची रांग साठतच नाही अशा बारक्या गिऱ्हाईकाला, म्हणजे आवाजाला, गेमला, वेबसाइटच्या पहिल्या विनंतीला, पुढे सोडलं जातं. २०१८ मध्ये आलेलं 'केक' त्याहून पुढे जाऊन आधी घरातल्या उपकरणांत बरोबरी करतं आणि मग त्यांच्या कनेक्शनांत. चाळीस कनेक्शनवाल्याची चलाखी तिथे संपते. घरासाठी मला हाच नियम सगळ्यात बरा वाटतो.

हे आपल्या घरात येतं कसं? फास्ट डॉट कॉमवर टेस्ट लावा आणि 'अधिक माहिती' उघडा. लाईन रिकामी असतानाची लेटन्सी (पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) आणि भरलेली असतानाची, असे दोन आकडे दिसतात. पहिला २० आणि दुसरा ३०० असेल तर रांग तुमच्या लाईनच्या तोंडाशी आहे. मग 'एसक्यूएम' (रांग शहाणपणाने सांभाळणारी सोय) किंवा 'केक' असलेला राउटर घ्या, ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची मोफत प्रणाली चालणारा चालेल, आणि त्यात वेग मुद्दाम कमी लिहा: प्रत्यक्ष १०० खाली आणि १० वर मिळत असतील तर ९० आणि ९. यामुळे रांग मॉडेमच्या आंधळ्या बफरात न लागता तुमच्या शहाण्या राउटरमध्ये लागते. दहा टक्के गेले म्हणून हळहळू नका, ते वसूल होतात. फक्त स्वस्तातल्या राउटरचा प्रोसेसर मोठ्या वेगाला दमतो, तेवढं बघून घ्या. काही राउटरांत 'क्यूओएस' नावाची पसंतीची यादी असते, हा पहिला, तो दुसरा अशी. ती मला फारशी आवडत नाही, कारण शेवटी घरात प्रत्येकालाच पहिलं व्हायचं असतं.

घरात कुणीच काही वापरत नसताना पहाटे २० असलेला आकडा रात्री आठला १५० वर जात असेल, तर मात्र कोंडी घराबाहेर आहे. जीपॉन, म्हणजे एकाच फायबरवर अनेक घरं जोडणाऱ्या पद्धतीत केबलवाल्याच्या एका पोर्टमधून २.४८८ गिगाबिट खाली येतात आणि १.२४४ वर जातात. ते खांबावरच्या स्प्लिटरमधून बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटले जातात. बत्तीस घरांना प्रत्येकी १०० एमबीपीएस विकले तर बेरीज ३.२ गिगाबिट. सगळे एकाच वेळी पूर्ण वेगाने उतरवत नाहीत, म्हणून ते निभतं, आणि वर जाताना प्रत्येक घराला वेळेचे बारीक तुकडे ठरवून दिलेले असल्याने तिथे आधीच पाळी लागलेली असते. बऱ्याचदा खरी टंचाई असते ती पोर्टच्या मागे, केबलवाल्याने वरून घेतलेल्या लाईनमध्ये. ते दोन आकडे, वेळ लिहून, त्याला दाखवावेत. नुसता स्पीड दाखवून काही निष्पन्न होत नाही.

राहिलं वाय-फाय. तिथे टंचाई बिट्सची नसून हवेतल्या वेळेची असते. शहापूर-वडगावातल्या जाड भिंतींच्या जुन्या घरात मागच्या खोलीतला फोन ६ एमबीपीएसने रडतखडत एक पॅकेट पाठवतो, तेवढ्या वेळात हॉलमधला नवा फोन पन्नासेक पाठवू शकला असता. पण प्रत्येकाला एकेका पॅकेटची पाळी असल्याने सगळं घर त्या मागच्या फोनच्या वेगाला येऊन टेकतं. वेळेची बरोबरी करणारे राउटर आता मिळतात. पण मागच्या खोलीपर्यंत एक केबल ओढून तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट (वाय-फायची डबी) लावणं जास्त खात्रीचं, आणि बहुधा स्वस्तही.